माणूस गेल्यावरचे कागद

दहाव्या-तेराव्याच्या सुमारास घरात दोन तऱ्हेची माणसं बोलू लागतात. एक म्हणतात, "क्लेम टाका, पैसे सुटतील." दुसरी म्हणतात, "त्याच्या जिवाचे पैसे घेऊन कुठं फेडायचं?" पहिल्यांत एखादा दलाल असतोच, अपघाताची खबर त्याला दवाखान्यातून नाहीतर ठाण्यातून सोयऱ्यांच्या आधी लागलेली असते. दुसरे बहुतेक जवळचेच. इतकी वर्षं क्लेमच्या केसेस चालवून माझा राग मात्र दुसऱ्यांवर जास्त. ज्या बाईला ते हे ऐकवतात तिला पुढच्या महिन्यात पतसंस्थेचा हप्ता भरायचा असतो, आणि तो भरायला यांच्यातलं कोणी येत नाही. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे वेगळे. कमावता माणूस दुसऱ्याच्या चुकीनं गेला तर घराचं झालेलं नुकसान मागणं हा उघड हक्क आहे.

*

हा हक्क फार जुना नाही. इंग्रजी कायद्याचा जुना नियम असा होता की माणसाबरोबर त्याचा दावाही मरतो. गाडीखाली पाय गेला तर भरपाई मागता येई, जीव गेला तर घरच्यांना काही नाही. म्हणजे जखमी करण्यापेक्षा मारून टाकणं स्वस्त. इंग्लंडात रेल्वेचे अपघात वाढले आणि १८४६ साली हा नियम मोडला. आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली १८५३ ला, आणि प्राणांतिक अपघातांचा कायदा आला १८५५ ला. तो अजून पुस्तकात आहे.

त्या कायद्यानं कुटुंब मोजलं ते असं : नवरा, बायको, आईबाप, लेकरं. भाऊ नाही, बहीण नाही. आपल्याकडची घरं अशी कधीच नव्हती. मोटार अपघाताच्या कायद्यात 'कायदेशीर प्रतिनिधी' असं म्हटलेलं असल्यानं तिथं वाट मोकळी झाली. गुजरातच्या एसटीच्या एका प्रकरणात १९८७ साली सर्वोच्च न्यायालयानं भावांचाही दावा मान्य केला. २०२१ साली तर जावयाच्या घरी राहणाऱ्या, त्याच्यावर अवलंबून असलेल्या सासूलाही दावेदार म्हणून धरलं. जावयाच्या दारी राहिलेल्या सासूला आपण जे काही बोलतो, त्यापेक्षा हे न्यायालय बरं बोललं.

*

आता हिशेब. लोकांना वाटतं न्यायाधीश मनाला येईल तो आकडा देतात. तसं नाही. २००९ चा सरला वर्मा निकाल आणि २०१७ चा प्रणय सेठी निकाल, या दोन्हींवर सगळी गणितं चालतात.

धरा, ३४ वर्षांचा टेम्पोचालक, महिना १५,००० मिळवणारा. पुढं कमाई वाढली असती म्हणून ४० टक्के वाढवायचे : २१,०००. (पक्की नोकरी असती तर याच वयाला ५० टक्के.) त्याचा स्वतःचा खर्च वजा करायचा. घरात बायको, दोन मुलं आणि आई, म्हणजे अवलंबून चौघं, म्हणून एक चतुर्थांश. राहिले १५,७५०. वर्षाचे १,८९,०००. या वयाला गुणक १६. झाले ३०,२४,०००. शिवाय सहवास गमावल्याचे प्रत्येकी ४० हजार, अंत्यविधीचे १५ हजार, मालमत्तेच्या नुकसानीचे १५ हजार. या २०१७ च्या रकमा, त्या दर तीन वर्षांनी १० टक्क्यांनी वाढतात.

आता हीच केस, फक्त पगाराचा पुरावा नाही. मोटार अपघात दावा प्राधिकरणानं अंदाजानं ९,००० धरले तर तीच बेरीज येते १८,१४,४००. बारा लाखांचा फरक, आणि तो एका कागदाचा.

अविवाहित मुलगा असेल तर निम्मी कमाई त्याच्या खर्चाची म्हणून कापतात. गुणक मात्र त्याच्याच वयाचा लावायचा, आईबापांच्या नव्हे. विमा कंपनीचे वकील अजूनही आईचं वय पुढं करतात. साठीच्या आईच्या वयानं गुणक ९ वर येतो, पंचविशीच्या मुलाच्या वयानं तो १८ असतो. अशा वेळी सेठी निकाल समोर ठेवावा, एवढं पुरतं.

*

नवरा गेलेली बाई कागद आणते ते बहुधा सराफाच्या दुकानातून मिळालेल्या पिशवीत. रेशनकार्ड, आधार, लग्नपत्रिका, पीएम रिपोर्टची पुसट झेरॉक्स, देवळात काढलेला फोटो. कमाईचं काय, असं विचारलं की "शेतीच होती साहेब" एवढंच. मग उकरून काढावं लागतं. डेअरीची दहा-दहा दिवसांची दूधबिलं घरात कुठंतरी तारेला टोचलेली असतात. कारखान्याची उसाची बिलं असतात. गवंडी असेल तर त्याची खिशातली वही असते. पानापानावर साइटचं नाव, हजेरी, उचल, खाली मुकादमाची सही. ती वही मी नेहमी मूळची मागतो. झेरॉक्सवर कंपनीचे वकील तुटून पडतात, तेलकट डाग पडलेल्या मूळ वहीपुढं त्यांचा आवाज खाली येतो.

शेतकऱ्याच्या केसमध्ये उलटतपासणीतला एक प्रश्न ठरलेला :

"जमीन आता कुणाकडं आहे?"

"आमच्याकडंच."

"कसतं कोण?"

"मीच करते, दीर मदत करतात."

"म्हणजे उत्पन्न चालूच आहे!"

बाई गप्प बसते, कारण बोलणं खोटं नसतं. पण नांगरटीला आता भाड्यानं ट्रॅक्टर लागतो, रात्रीच्या पाण्याला गडी लागतो, बाजारात माल न्यायला दुसऱ्याच्या हातापाया पडावं लागतं. तो खर्च म्हणजेच गेलेल्या माणसाची कमाई. हे साक्षीच्या प्रतिज्ञापत्रात आधीच, आकड्यांसकट लिहून ठेवावं. प्रश्न आल्यावर सुचत नाही.

*

बाई अपघातात गेली की नवऱ्याला साक्षीत विचारतात, "मिसेस काय करत होत्या?" तो सवयीनं सांगतो, "काही नाही, घरीच असायची." या एका वाक्यानं केस अर्धी बुडते.

३ मार्च १९८९ ला जमशेदपूरला जमशेदजी टाटांच्या दीडशेव्या जयंतीच्या सोहळ्यात मांडव पेटला. मेलेल्यांत बायका आणि मुलं फार. भरपाई ठरवायला माजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांना नेमलं होतं. पुढं २००१ साली सर्वोच्च न्यायालयानं त्या गृहिणींच्या कामाची किंमत महिना ३,००० धरली. आकडा तेव्हाही कमीच होता. पण शून्य नाही, हे ठरलं. २०२१ च्या कीर्ती निकालात न्यायमूर्ती रमणांनी २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीचा दाखला दिला : घरकामाला बायकांची दिवसाची सरासरी २९९ मिनिटं, पुरुषांची ९७. नोकरी नसलेल्या बाईचंही उत्पन्न धरायचं आणि त्यावर भावी वाढही द्यायची, असं त्या निकालानं स्पष्ट केलं.

मी नवऱ्यांना सांगतो, तिचा एक दिवस सांगा. पहाटे पाणी भरणं, धार, डबे, सासऱ्यांचं पथ्य, पोरांचा अभ्यास, संध्याकाळी ब्लाउज शिवणं. बहुतेकांना तिसऱ्या-चौथ्या कामानंतर आठवत नाही. मुलीला बोलवा म्हणतो, ती न थांबता सांगते.

*

"एलआयसीचे मिळालेत, आता क्लेममधून कापतील का?" नाही. आयुर्विमा त्यानं स्वतः हप्ते भरून काढलेला, धडक देणाऱ्याला त्याचा फायदा का मिळावा? आपल्या एसटी महामंडळाविरुद्धच्याच एका दाव्यात १९९८ साली सर्वोच्च न्यायालयानं हे सांगून टाकलंय.

*

दुचाकीवर तिघं होते, म्हणून कंपनी म्हणते चूक तुमचीच. २०२० चा निकाल आहे : ट्रिपल सीट हा गुन्हा असेल, पण त्यामुळंच अपघात घडला हे दाखवल्याशिवाय मागं बसलेल्याच्या घरच्यांची रक्कम कापता येत नाही. आणि फौजदारी खटल्यात ड्रायव्हर सुटला म्हणून क्लेम बुडत नाही. तिथं शंकेपलीकडचा पुरावा लागतो, इथं काय जास्त संभवनीय एवढंच पाहतात.

*

लोकलमधून पडलेल्यांचं गणित निराळं. तिथं कमाई विचारतच नाहीत. १ जानेवारी २०१७ पासून मृत्यूला सरसकट ८ लाख, दाद रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे, मुदत एक वर्ष. कुलाब्याचा साहेब असो नाहीतर डोंबिवलीचा हमाल, आकडा तोच. यात एक बरं आहे आणि एक वाईट, दोन्हींचं कारण एकच.

भांडण असतं ते तिकिटाचं. गर्दीत पडलेल्या माणसाचा खिसा, पाकीट, पास, काहीही जागेवर राहत नाही. अंगावर तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून तो विनातिकीट होता असं म्हणता येणार नाही, असं २०१८ च्या रीना देवी निकालात आलं. घरच्यांनी प्रतिज्ञापत्र द्यायचं, मग खोडून काढायची जबाबदारी रेल्वेची. चालत्या गाडीत चढता-उतरता पडला तरी भरपाई मिळते. रूळ ओलांडताना गेला तर मात्र नाही. म्हणून स्टेशन मास्तरच्या मेमोत 'पडला' लिहिलंय की 'रूळ ओलांडताना', हे पहिल्याच दिवशी वाचावं.

*

पावसात तुटलेली महावितरणची तार. कंपनी म्हणते, झाडाची फांदी पडली, आमचा काय दोष? वीजवाहक तारेसारखी धोकादायक वस्तू बाळगणाऱ्यावर, दोष नसला तरी, जबाबदारी येते, हे २००२ साली मध्य प्रदेश वीज मंडळाच्या प्रकरणात ठरलेलं आहे. खड्डे आणि उघड्या मॅनहोलांबाबत मुंबई उच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२५ मध्ये मृत्यूला ६ लाख ठरवून दिले. वाचून बरं वाटलं. मिळालेले पाहिले की आणखी बरं वाटेल.

*

दोन छोट्या गोष्टी, ज्या फार घरांना ठाऊक नसतात. धडक देणारं वाहन सापडलंच नाही, तर १ एप्रिल २०२२ पासून वारसांना २ लाख मिळतात. अर्ज तहसील किंवा प्रांत कचेरीतल्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे. आणि स्वतःचीच गाडी स्वतः चालवताना, स्वतःच्याच चुकीनं गेला, तर दुसऱ्यावर दावा चालत नाही. पण गाडीच्या पॉलिसीत मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा आहे का, ते बघा. पॉलिसीची प्रत गाडीच्या डिकीत असते आणि गाडी ठाण्याच्या आवारात गंजत असते.

*

मुदत. मोटार अपघाताच्या दाव्याला १९९४ साली काढून टाकलेली अट परत आली आहे : १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांत दावा दाखल करायचा. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्याच्या भरवशावर बसू नये. वर्षश्राद्ध झाल्यावर बघू, हे आता परवडत नाही. अपघात नाशिकला झाला आणि घर जतला असलं तरी दावा सांगलीत टाकता येतो, तारखांना तिकडं पळायला नको. तपासी अंमलदारानं सविस्तर अपघात अहवाल ९० दिवसांत प्राधिकरणाला द्यायचा, असा नियम आहे. तो दिला का, हे ठाण्यात जाऊन विचारत राहावं. कुणीतरी विचारतंय म्हटलं की फाईल हलते.

*

लोकअदालतीत तडजोड करावी का? वर काढलेला हिशेब हातात असेल आणि कंपनी त्याच्या जवळपास येत असेल, तर जरूर करावी. पैसा वर्षानुवर्षं अडकत नाही. हिशेबच माहीत नसेल तर करू नये, कारण त्या निवाड्यावर अपील नाही.

*

"मिळतील त्यातले इतके टक्के" अशी फी ठरवायला वकिलांना मनाई आहे. सर्रास ठरवतात, हे मी माझ्याच बारमध्ये बसून लिहितो आहे. कोऱ्या वकालतनाम्यावर, कोऱ्या धनादेशावर, बँकेच्या पैसे काढायच्या स्लिपवर सही कुणालाच देऊ नका, दिराला नको आणि वकिलालाही नको. मुलांच्या वाट्याची रक्कम ती सज्ञान होईपर्यंत बँकेत ठेवायचा आदेश झाला तर त्यावर रुसू नका, तो बहुधा याच लोकांपासून वाचवायला असतो.

आणि फी परवडत नाही म्हणून घरी बसू नका. स्त्रियांना आणि मुलांना, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी असते. आधार कार्ड आणि एफआयआरची प्रत घेऊन तिथं जा, अर्ज तिथंच भरून घेतात.