पाणगवतांत

आयझॅक वॉल्टन या इंग्रज लेखकाचें मासे धरण्याच्या कलेवरील पुस्तक १६५३ सालीं प्रसिद्ध झालें. सतराव्या शतकांतील गद्याचा नमुना म्हणून त्यांतील उतारे मीं बावीस वर्षें वर्गांत शिकविले. गळ टाकून बसलेल्या मनुष्याच्या चित्ताची शांति, त्याचा संयम, सृष्टीशीं होणारें त्याचें तादात्म्य, यांवर मी इतकें रसाळ बोलत असें कीं, मागच्या बांकावरचीं मुलेंही वहींत कांहीं तरी टिपून घेत. मात्र त्या बावीस वर्षांत गळाच्या काठीला मीं हात लावला तो एकदांच, आणि तोही ती मोडून टाकण्यासाठीं.

ती हकीकत पुढें येईलच. गेल्या उन्हाळ्यांत आम्ही उभयतां चिरंजिवांकडे अमेरिकेंतील मिनेसोटा संस्थानांत गेलों होतों. दहा एकरांहून मोठीं अशीं ११,८४२ तळीं या एका संस्थानांत आहेत, अशी तेथील सरकारची मोजदाद आहे. त्यांपैकीं मिनीआपोलिस शहराच्या पश्चिमेचें मिनेटोंका सरोवर मुलाच्या घरापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर. सुटीच्या दिवशीं पहांटे मोटारीमागें होडीचा गाडा जोडून तेथें जावयाचें, हा त्याचा नेम. तिसऱ्या आठवड्यांत त्यानें मला विचारलें, "बाबा, येतां का?" प्रश्न सौजन्याचा होता, नकार गृहीत धरून विचारलेला. मीं होकार दिला तेव्हां तो थोडा गोंधळला, आणि त्याची आई स्वयंपाकघरांतून बाहेर येऊन आम्हां दोघांकडे आळीपाळीनें पाहूं लागली.

तेथें ज्याच्यापायीं लोक झोप सोडतात तो मासा म्हणजे लार्जमाऊथ बास. हिरवट अंग, कुशीवर काळसर पट्टा, आणि मिटलेला जबडाही डोळ्याच्या मागें गेलेला, असें हें रूप. या माशाच्या गणाला लॅसेपेद नांवाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८०२ सालीं 'लहान परांचा' अशा अर्थाचें नांव दिलें. याचें कारण एवढेंच कीं, त्याच्यापुढें आलेल्या नमुन्याच्या पाठीवरचा पर फाटलेला होता! एका जखमी माशावरून सबंध गणाचें बारसें झालें, आणि दोनशें वर्षें उलटलीं तरी तेंच नांव चाललें आहे. उत्तरपत्रिका तपासण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्यानें ही गोष्ट फार वेळ मनांत घोळवूं नये.

माझी कल्पना अशी कीं, स्वच्छ पाणी पाहावें आणि गळ टाकावा. मुलगा नेमका उलटा गेला. ज्या खाडीसारख्या भागांत कमळाचीं पानें आणि पाणगवत यांनीं पाणी दिसेनासें झालें होतें, तेथें त्यानें होडी नेली. भर उन्हाळ्यांत माशाला सांवली हवी, दबा धरण्यास आडोसा हवा. हिरवें गवत दिवसां पाण्यांत प्राणवायु सोडतें. उलट खोल तळाच्या थंड पाण्यांत या दिवसांत प्राणवायु फार थोडा उरतो, कारण वरचें ऊन पाणी आणि खालचें गार पाणी मिसळतच नाहीं. म्हणून तपकिरी पडलेलें, कुजकें गवत त्यानें दुरूनच सोडून दिलें. पुढें, जेथें खोलीमुळें उजेड तळाशीं पोंचत नाहीं, तेथें गवताची शींव संपते. ती शींव शेताच्या बांधासारखी सरळ नसते. तिला कोपरे असतात, खांचा असतात, आणि मासा बहुधा त्या खांचेंत असतो. एके ठिकाणीं त्यानें वल्हें थांबविलें आणि बोटानें मला ऐकावयास सांगितलें. गवताच्या गालिच्याखालून 'चट् चट्' असा बारीक आवाज येत होता. लहान मासे किडे टिपीत होते. "हे जेवतात तिथं यांना जेवणाराही असतो," तो हळूच म्हणाला.

या गवतापैकीं पुष्कळसें परदेशचें. मिलफॉइल नांवाची ही युरोप-आशियांतली पाणवनस्पति मिनेसोटांत प्रथम १९८७ सालीं याच सरोवरांत सांपडली. आपल्याकडील जलपर्णी तरी कोठली? तीही दक्षिण अमेरिकेंतून आलेली.

आमिष म्हणून रबराचा एक पोकळ बेडूक त्यानें माझ्या दोरीला बांधला. त्याचे दोन गळ पाठीला चिकटून असतात, त्यामुळें गवत अडकत नाहीं. माशानें तोंडांत दाबला म्हणजे बेडूक चेपतो आणि गळ उघडे पडतात. गालिच्यावर तो फेंकावयाचा, टुणटुण उड्या मारीत आणावयाचा, आणि जेथें पाण्याचें भोंक दिसेल तेथें क्षणभर विसावूं द्यावयाचा.

"ही युक्ति इथं शिकलास?" मीं विचारलें.

"मरळीला बेडूकच लावतात ना, बाबा? फक्त तो जिवंत असतो."

यावर दोघेही गप्प झालों. सतरा वर्षांपूर्वीं, दहावीची परीक्षा तीन महिन्यांवर आली असतां, हा मुलगा शिकवणीला म्हणून घरांतून निघे आणि कृष्णेच्या एका डोहावर भोयांच्या मुलाबरोबर मरळीसाठीं गळ टाकून बसे. मला तें कळलें एका स्नेह्याच्या खवचट चौकशीवरून. मी तडक नदीवर गेलों, त्याच्या हातांतली काठी घेतली आणि गुडघ्यावर आपटून तिचे दोन तुकडे केले. 'प्राध्यापकाचा मुलगा भोयांच्या पोरांत मासे मारतो!' हें वाक्य मीं त्या दुसऱ्या मुलादेखत उच्चारलें. परीक्षा हें निमित्त होतें. बोचलें होतें तें हें. त्याच सायंकाळीं दुसऱ्या दिवशींच्या तासाची तयारी म्हणून मीं वॉल्टन उघडला असेल, तर मला नवल वाटणार नाहीं.

इतक्यांत गवताचा गालिचा फुटला. कोणी खालून धोंडा फेंकावा तसें पाणी उसळलें, बेडूक दिसेनासा झाला आणि मीं सर्व बळानिशीं काठीला हिसका दिला. बेडूक माझ्या कानाजवळून सणसणत मागें गेला.

"घाई झाली," मुलगा म्हणाला. "तो बेडूक घेऊन वळेपर्यंत थांबायचं. दोरीला वजन लागलं कीं मग ओढायचं."

आवाज चढला नव्हता. त्याला गणित शिकवितांना माझा किती चढत असे, हें मला ठाऊक आहे.

दीड तासानंतर पुन्हां तसाच स्फोट झाला. या वेळीं मीं मनांत 'एक, दोन' म्हटलें. दोरी जड झाली, काठी वांकली, आणि ओंजळभर गवत डोक्यावर घेऊन तीनएक पौंडांचा मासा होडीशीं आला. मुलानें आधीं हात ओले केले, आंगठा त्याच्या खालच्या ओठांत घातला, गळ काढला आणि त्याला पुन्हां पाण्यांत धरलें. उन्हाळ्यांत ऊन पाण्यांत प्राणवायु कमी असतो, म्हणून हें झटपट उरकावें लागतें. शेंपटी हलली आणि मासा गवतांत शिरला.

मला तें पटलें नाहीं. खेळासाठीं एका जिवाचें तोंड टोंचावयाचें आणि मग सोडून देऊन दयाळू म्हणवावयाचें, ही कसली दया? आमचा भोई निदान पोटासाठीं मासा मारतो. या माशाच्या वजनाचा उच्चांक जॉर्ज पेरी या माणसानें १९३२ सालीं जॉर्जिया संस्थानांत केला. मासा २२ पौंड ४ औंसांचा. २००९ सालीं जपानांतल्या बिवा सरोवरांत कुरिता याच्या माशानें त्याची बरोबरी केली. पेरीचा तो विक्रमी मासा त्याच्या घरच्यांनीं शिजवून खाल्ला. मला पेरीच अधिक प्रामाणिक वाटतो, असें मीं बोलून दाखविलें.

"मग हा तुम्ही खाल्ला असतां का?" मुलानें विचारलें. आमच्या घरीं सात पिढ्यांत कोणी मासा खाल्लेला नाहीं. माझा युक्तिवाद तेथेंच बुडाला.

नऊ वाजतां आम्ही कांठास लागलों. तेथील कायद्याप्रमाणें होडी बाहेर काढली म्हणजे तिच्या तळाचें बूच उघडून पाणी सोडावें लागतें, आणि होडीला व गाड्याला अडकलेलें गवत काडी न काडी वेंचून टाकावें लागतें. मिलफॉइलचा एक तुकडाही दुसऱ्या तळ्यांत रुजतो. मुलगा चाकापाशीं उकिडवा बसून गवत वेंचीत होता.

"तुझी ती काठी," मीं म्हटलें, "कशाची होती?"

"वेळूची. टोंकाला छत्रीची काडी बसविली होती."

"मीं ती मोडायला नको होती."

त्यानें वर पाहिलें नाहीं. "दुसऱ्या दिवशीं नवी केली होती, बाबा. त्याच्या घरीं छपरांत खोंचून ठेवीत असूं. परीक्षा संपेपर्यंत तिथंच होती."

त्याच्या दहावीच्या गुणांचें श्रेय मीं सतरा वर्षें त्या मोडक्या काठीला देत आलों होतों. चारचौघांत दाखला म्हणून सांगतही असें.

"आईला माहीत होतं?"

"दोघांचा डबा तीच द्यायची." मग हातांतलें गवत झटकून तो म्हणाला, "त्या बाजूचं राहिलंय बघा."

मीं विजारीचे पाय दुमडले आणि पलीकडच्या चाकापाशीं बसलों. गवत ओलें होतें आणि आंसाला घट्ट गुंडाळलेलें होतें.