उत्सवाचं पुस्तक वेगळं, खेळाचं वेगळं

रायगड जिल्ह्यात गावोगाव कबड्डीचे संघ आहेत, आणि पुष्कळ ठिकाणी जे मंडळ कबड्डी खेळवतं तेच नवरात्रही बसवतं. आमचंही तसंच होतं. वर्गणीचं पुस्तक एक, बँकेतलं खातं एक. त्याच पैशातून देवीचा मंडप, भंडारा, स्पर्धेचं मैदान आणि मुलांचं गाडीभाडं, सगळं भागायचं. हिशेब चोख असायचा.

खजिनदार म्हणून माझ्याकडे काम आलं तेव्हा मॅटची निकड होती. आमची मुलं-मुली मातीत वाढलेली. पुढच्या पातळीवरच्या स्पर्धा मॅटवर होतात आणि तिथं मातीतलं पाऊल चालत नाही. मातीत पाय थोडा सरकतो, त्या सरकण्यावरच चढाईतली वळणं बसवलेली असतात. मॅटवर बुटाचा तळ जागच्या जागी धरतो आणि गुडघ्यावर ताण येतो. चांगल्या चढाया करणाऱ्या मुली निवड चाचणीत तिथंच अडायच्या. मॅटची किंमत लाखांच्या घरात. घरोघरच्या वर्गणीतून ती निघणं शक्य नव्हतं, म्हणून मुंबईत स्थायिक झालेल्या गावकऱ्यांकडे गेलो. नाही कुणी म्हणालं नाही, पण मोठी रक्कम देऊ शकणाऱ्यांचा प्रश्न एकच होता, ‘‘दादा, मंडळाला ८०-जी आहे का?’’

नव्हतं. आमची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे होती, पण प्राप्तिकर खात्याची नोंदणी निराळी. आधी संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नाला करमाफीसाठी १२-ए, आणि देणगीदाराला सवलत मिळावी म्हणून ८०-जी.

१९६१च्या प्राप्तिकर कायद्यात धर्मादाय हेतूची व्याख्या आहे. तिच्यात गरिबांना मदत, शिक्षण, वैद्यकीय मदत, पर्यावरण आणि जुन्या वास्तूंचं जतन आहे, योगसुद्धा आहे. खेळाचं नाव नाही. खेळ बसतो तो शेवटच्या, सर्वसामान्य लोकोपयोगी कामांच्या सदरात, आणि तेही केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २४ सप्टेंबर १९८४ रोजी काढलेल्या ३९५ क्रमांकाच्या परिपत्रकामुळे. खेळांना उत्तेजन देणं हा धर्मादाय हेतू मानावा, असं त्यात स्वच्छ म्हटलं आहे. अट एवढीच की लाभ जनतेला किंवा तिच्यातल्या एखाद्या वर्गाला व्हायला हवा, ठरावीक माणसांच्या गटाला नव्हे.

आमच्या सीएंनी नेमकं तिथं बोट ठेवलं. मंडळाच्या जुन्या घटनेत उद्देश लिहिला होता, ‘सभासद व त्यांच्या मुलांसाठी’. मैदानावर शेजारच्या गावांची मुलं वर्षानुवर्षं येत होती, पण कागद म्हणत होता की हे सभासदांपुरतं आहे. सर्वसाधारण सभेत ठराव करून जात, धर्म, गाव असा भेद न करता प्रशिक्षण देण्याचं कलम घातलं. मंडळ विसर्जित झालं तर शिल्लक मालमत्ता सभासदांत न वाटता तशाच दुसऱ्या संस्थेकडे जाईल, हेही लिहिलं. विश्वस्त बदलल्याचे जुने बदल अर्ज कधी दाखलच झाले नव्हते. ते निस्तरायला सगळ्यात जास्त वेळ गेला.

त्याहून अवघड होतं नवरात्राचं. ८०-जी असलेल्या संस्थेला धार्मिक कामावर वर्षाच्या उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करता येत नाही. आमचा उत्सवाचा खर्च कितीतरी जास्त. सभेत मी हे सांगितल्यावर एक आजोबा उठले. तरुणपणी ते गावच्या संघाचे पकडपटू होते. ‘‘आम्ही देवीला नारळ ठेवून मैदानात उतरायचो. आता तुम्ही देवीलाच मंडळाबाहेर काढता?’’ सभा गप्प झाली. त्यांचं दुखणं खरं होतं. गावाच्या मनात या दोन गोष्टी कधीच वेगळ्या नव्हत्या. मी म्हटलं, ‘‘आजोबा, नारळ तसाच राहील, फक्त पावतीपुस्तक वेगळं होईल.’’ पुष्कळ बोलाचाली झाली आणि शेवटी उत्सवाची समिती स्वतंत्र झाली, तिचं खातं वेगळं झालं. आता लाल पुठ्ठ्याचं पुस्तक उत्सवाचं, निळं खेळाचं. निळ्या पावतीवर देणगीदाराचा पॅन लिहायला जागा आहे.

आधी तीन वर्षांसाठी तात्पुरती नोंदणी मिळाली. पक्क्या नोंदणीच्या वेळी खेळाडूंच्या याद्या, सरावाचे फोटो, खर्चाची बिलं, सगळं मागितलं गेलं. मागावंच. जनतेच्या कराचा वाटा तुमच्या मैदानावर येणार असेल तर तपासणी हवीच.

सवलत किती, हे देणगीदारांना मी सरळ आकड्यांत सांगतो. ५०,००० रुपये दिलेत तर निम्मे, म्हणजे २५,००० तुमच्या उत्पन्नातून वजा होतात. ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उपकर धरून ७,८०० रुपये कर वाचतो. रोख २,००० रुपयांच्या वर दिलेत तर सवलत नाही. टी-शर्ट, बूट, खेळाडूंचं जेवण अशा वस्तुरूपाने दिलेल्या मदतीलाही नाही, पैसेच द्यावे लागतात. आणि नवी करप्रणाली घेतली असेल तर ही वजावट मिळतच नाही. ती प्रणाली आता आपोआप लागू होते, त्यामुळे ८०-जी विचारणारे कमी होत चालले आहेत. ही मला छोट्या संस्थांच्या दृष्टीने काळजीची गोष्ट वाटते. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय क्रीडा निधीला दिलेल्या देणगीवर जुन्या प्रणालीत १०० टक्के वजावट आहे. मुलगी पहिली चढाई करते ती गावच्या मैदानावर, आणि त्या मैदानाला मात्र निम्मीच.

आणखी एक जाच आहे. लोकोपयोगी सदरातल्या संस्थेची व्यापारी स्वरूपाची मिळकत एकूण जमेच्या २० टक्क्यांत राहावी लागते. स्पर्धेच्या जाहिरात फलकांचे पैसे घेताना मला दरवेळी हा हिशेब करावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने १९ ऑक्टोबर २०२२च्या निकालात या मर्यादेचा ऊहापोह केला, तेव्हा त्यात क्रिकेट संघटनांची प्रकरणंही होती. त्यांच्या प्रक्षेपण हक्कांची आणि आमच्या चार फलकांची मर्यादा टक्क्यांत एकच. योगासारखं खेळाचं नावही व्याख्येत घालावं, निदान छोट्या संस्थांसाठी. मला हे मनापासून वाटतं.

मॅट आली. सीएसआरचा निधी मागायलाही हीच नोंदणी उपयोगी पडली, कारण ग्रामीण खेळांचं प्रशिक्षण कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहे.

हे सगळं आम्ही १९६१च्या कायद्याखाली केलं. १ एप्रिल २०२६पासून २०२५चा नवा प्राप्तिकर कायदा लागू आहे, कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा नव्याने अर्ज करणाऱ्यांनी आधी सीएंना विचारून घ्यावं. पण घटनेतलं उद्देशाचं कलम, राहिलेले बदल अर्ज आणि उत्सवाचं वेगळं खातं, ही तीन कामं कुणाची वाट न पाहता यंदाच्या सर्वसाधारण सभेतच हातात घ्या.