परत फिरू या

मी दोन-तीन कादंबऱ्या लिहिल्या आहेत. परंतु माझे सर्वांत जास्त वाचले गेलेले लेखन कोणते, असे कोणी विचारले तर मला प्रामाणिकपणे एका पाटीकडे बोट दाखवावे लागेल. पांढऱ्या पत्र्यावर तांबड्या रंगाने, ठसठशीत अक्षरांत मी ती स्वतः रंगवली होती : ‘ओढ्याकडे जाण्यास सक्त मनाई आहे.’ शाळेच्या मागल्या फाटकावर ती लावली. आठ दिवसांच्या आत ‘सक्त’मधल्या ‘क्त’ला कोणीतरी झुपकेदार मिशा काढल्या. अक्षर फार सुरेख आहे, असे सर्वांनी सांगितले. ओढ्याकडे जायचे मात्र कोणी थांबले नाही.

मी चित्रकलेची शिक्षिका. दहावी झाले, चित्रकलेची पदविका घेतली आणि गेली वीस-बावीस वर्षे नवी मुंबईतल्या मुलांना रंगांच्या वड्या कशा भिजवाव्यात ते शिकवते आहे. या गावाची गंमत अशी, की त्याच्या एका अंगाला डोंगर आहे आणि दुसऱ्या अंगाला खाडी. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि आगरी-कोळ्यांच्या पंचाण्णव गावांच्या जमिनींवर हे शहर आखले गेले. इमारती उभ्या राहिल्या, रस्ते झाले, स्थानके झाली. पण डोंगर आणि खाडी यांना हलवणे कोणाच्याच आराखड्यात बसले नसावे. ती आपली जिथल्या तिथे राहिली.

आणि तरीही, ‘निसर्गचित्र काढा’ असे सांगितले की माझ्या वर्गातली चाळीस मुले चाळीस कागदांवर एकच चित्र काढीत. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या फटीतून उगवणारा सूर्य, एक नदी, एक नारळाचे झाड, आणि चारच्या आकड्यासारखे उडणारे पक्षी. वर्गाच्या खिडकीतून खारघरचा डोंगर सबंध दिसत असे. त्याला एकही त्रिकोण नाही. तो आडवा पसरलेला, पाठ करून झोपलेल्या बैलासारखा. पण खिडकीकडे कोणी पाहत नव्हते. पाहायला आम्ही कोणी शिकवलेच नव्हते.

म्हणून २०१९च्या जानेवारीत मी पाचवीच्या वर्गाला डोंगराच्या पायथ्याशी घेऊन गेले. मुलांनी बसून डोंगर काढला. त्यांतला एक मुलगा—त्याला मी बाळू म्हणते, त्याचे खरे नाव दुसरेच आहे—पाठीमागून येऊन मला म्हणाला, “बाई, डोंगर हिरवा नाहीये. तो जांभळा आहे.” मला इतका आनंद झाला, की तो कागद मी घरी आणून भिंतीवर लावला.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये खारघरच्या पांडवकड्यापाशी चार कॉलेजकन्या पुरात वाहून गेल्या. पांडवकडा म्हणजे आमच्याकडचा मोठा धबधबा. पावसाळ्यात तिथे जायला बंदी असते आणि पावसाळ्यातच सगळ्यांना तिथे जावेसे वाटते. आमच्याकडे त्या दिवसांत दुसरा विषय नव्हता. शाळांतल्या सहली थांबल्या. आम्ही सभा घेतली, सूचना काढली, आणि मी ती पाटी रंगवली. आपण आपले कर्तव्य केले, असे समाधान पाटी रंगवल्यावर किती लवकर मिळते!

मग टाळेबंदीची दोन वर्षे गेली. मुले घरात कोंडली गेली आणि बाहेर आली ती दावे सुटलेल्या वासरांसारखी. २०२२च्या जुलैत बाळू नववीत होता. एका रविवारी तो आणि त्याचे तीन मित्र शिकवणीला जातो असे सांगून घरातून निघाले ते डोंगरातल्या ओढ्यावर गेले. शेवाळावरून बाळूचा पाय सरकला. हात मोडला, मोबाइल वाहून गेला. मित्रांनी त्याला ओढून काठावर घेतले, आणि थोड्याच वेळात ज्या दगडावर ते बसले होते तो दगड दिसेनासा झाला.

मी भेटायला गेले. बाळू प्लॅस्टरमधला हात उशीवर ठेवून भिंतीकडे पाहत होता. त्याच्या आईने चहा दिला. रागावली नाही, आवाजही चढवला नाही. एवढेच म्हणाली, “बाई, तुम्ही त्याला डोंगर दाखवलात. उतरायचं कसं, ते नाही शिकवलंत.”

चहा तसाच राहिला. घरी येऊन भिंतीवरचा जांभळा डोंगर पाहिला आणि वाटले, हा काढून ठेवावा. मी या मुलाला सौंदर्य दाखवले आणि धोक्यापुढे पाटी लावली. मधले सगळे गाळले. पाटी ‘नको’ म्हणते. ‘कधी नको’, ‘का नको’, आणि ‘मग केव्हा चालेल’ हे ती सांगत नाही. आणि चौदा वर्षांच्या मुलाला नुसते ‘नको’ सांगणे म्हणजे त्याला पत्ता देण्यासारखेच आहे.

पण हे मधले शिकवायचे कोणी? मला स्वतःला कुठे येत होते? मी चाळीत वाढलेली. पाणी मला नळाला येते तेवढेच ठाऊक.

आमच्या शाळेतल्या शिपाईमामांना मी हे सहज बोलून दाखवले. मामा मूळ इथले, आगरी. “तुम्ही उभ्या आहात ना बाई, इथं आमचं भाताचं खाचर होतं,” असे ते मला एकदा घंटा देता देता म्हणाले होते. माझे ऐकून घेऊन ते म्हणाले, “यात शिकवायचं काय? आमच्या बापानं कुठं शिकवलं? संगती न्यायचा.”

मग आम्ही मामांच्या संगती जाऊ लागलो. मी अट एकच घातली : मुलांबरोबर घरातले एक मोठे माणूस आलेच पाहिजे. पहिल्या खेपेला अकरा मुले आणि सात आया आल्या. बाप एकही नाही. पुढे पुढे बापही येऊ लागले, आणि खरे सांगायचे तर मुलांपेक्षा त्यांनाच जास्त शिकवावे लागले.

ओढ्याकाठी मामांनी मुलांना पाण्यात उतरू दिले नाही; अर्धा तास नुसते पाहायला लावले. “पानी नितळ आहे तवर ते आपलं. गढूळ झालं, काड्या-पानं वाहू लागली, आवाज जड झाला, की वर डोंगरात पाऊस झाला समजायचं. इथं ऊन असलं तरी. मग चपला राहिल्या, डबा राहिला, राहू द्यायचा. आधी वर चढायचं. पलीकडच्या काठाला अडकलात तर बसून राहायचं. आलेलं पानी उतरतं. गेलेला मानूस नाय येत.” वर्गात हे वाक्य मी फळ्यावर लिहिले असते तर मुलांनी वहीत उतरवून घेतले असते आणि विसरली असती. ओढ्यापाशी ती ओढ्याकडे पाहत गप्प उभी राहिली. प्लॅस्टर नुकतेच निघालेला बाळू सर्वांच्या मागे उभा होता.

खाडीवर मामांचे दुसरे गणित होते. तिथीची पाऊणपट करायची, की भरती पुरी होण्याची वेळ मिळते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन. तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहाला. लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येला पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकरा. एका चुणचुणीत मुलीने मोबाइलमध्ये पडताळून पाहिले आणि पाऊण तासाचा फरक काढून दाखवला. मामा शांतपणे म्हणाले, “खाडीत आत शिरायला पान्याला तेवढा वेळ नको?” पाऊणकी येत नाही म्हणून गणिताच्या तासाला उभी राहणारी मुले त्या दिवशी घरी जाईपर्यंत पाऊणकी म्हणत होती.

भरतीचे गणित कळल्यावर रोहित पक्ष्यांचेही कळले. हिवाळ्यात ते हजारोंनी आमच्या खाडीत उतरतात. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात चरतात. भरतीने चिखल बुडाला की सीवूड्सजवळच्या पाणथळींत विसाव्याला येतात. ठाणे खाडीच्या काही भागाला २०१५ साली या पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून जाहीर केले गेले आणि २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींत, तिचे नाव गेले. हे सगळे मी मुलांना सांगत असताना आमच्यातल्याच एका वडिलांनी जोरात टाळ्या वाजवल्या. थवा उडाला. गुलाबी पंखांचा तो देखावा अपूर्व होता, हे मला कबूल केले पाहिजे. वडिलांनी चित्रफीत घेतली. त्यांची सहा वर्षांची मुलगी मात्र म्हणाली, “बाबा, ते झोपायला आले होते ना?” त्या गृहस्थांनी मोबाइल खिशात टाकला तो त्या दिवशी पुन्हा काढला नाही. मला काही बोलावे लागले नाही.

मी मनाशी एक जुळवून ठेवले आहे. दुसऱ्याच्या घरी पाहुणे म्हणून जाताना आपण काय करतो? दारात चपला काढतो, आवाज बेताचा ठेवतो, खाल्लेल्याचे ताट उचलतो, आणि यजमानाला झोप आली की उठतो. खारघरच्या डोंगरावर आदिवासींचे पाडे आहेत. ज्या ओढ्यात आपण वेफर्सची पिशवी सोडून येतो, तो कोणाच्या तरी गुरांचे पाणी असतो. निसर्गात वागायचे शास्त्र मोठे असेल. पण पाहुण्याची रीत तर आपल्याला आजीने शिकवलेली आहेच. ती दार ओलांडून बाहेरही न्यायची, इतकेच.

२०२३च्या जानेवारीत, संक्रांत झाल्यावर, आम्ही कर्नाळ्याला गेलो. पनवेलपासून जवळच, मुंबई-गोवा रस्त्यावरचे हे पक्षी अभयारण्य १९६८ सालचे. मारुती चितमपल्लींसारख्या अरण्यवेड्या माणसाने वनाधिकारी म्हणून काही काळ इथे काम केले. पावसाळ्यात तिबोटी खंड्या इथल्या मातीच्या दरडींत बीळ करून पिले वाढवतो. एवढासा, मुठीत मावेल असा रंगीबेरंगी पक्षी. पण बिळापुढे कॅमेरेवाले दाटीने उभे राहिले तर चोचीत भक्ष्य धरून तो लांब फांदीवरच बसतो आणि आत पिले उपाशी राहतात. जानेवारीत तो काही दिसणार नव्हता. आम्हाला किल्ला चढायचा होता, अंगठ्यासारख्या त्या उंच सुळक्यापाशी उभे राहायचे होते. माझ्या हौसेने एक फलकही रंगवून घेतला होता. सुळक्याखाली तो धरून सर्वांचे छायाचित्र काढायचे, असा बेत होता.

बाळूची आईही आली होती. साध्या चपला घालून, हातात पिशवी घेऊन, न थांबता चढत होती. माझ्याशी ती फारशी बोलली नव्हती.

वरच्या भागात पोचलो तेव्हा सुळका समोर होता. दहा-पंधरा मिनिटांची वाट राहिली होती. आमच्या पुढे कॉलेजच्या मुलांचा एक घोळका होता. त्यांचे गाणे मोठ्याने चालू होते. बाळू एकदम थांबला. तो कातळाच्या कपारींकडे पाहत होता. तिथे आग्या मोहोळे लटकत होती, काळपट, सुपाएवढी.

“बाई, त्यांच्यावरून लाट जातेय.”

मी पाहिले. मला आधी काही दिसले नाही. मग दिसले : मोहोळाच्या अंगावरून एक झळाळती लहर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरकत होती, थांबत होती, पुन्हा सरकत होती. आग्या माश्या बिथरल्या की अशा अंग थरारतात, हे मामांनी सांगितले होते. मी ते ऐकले होते. बाळूने ते पाहिले.

“बाई, परत फिरू या,” तो म्हणाला.

खरे सांगते, मला फिरायचे नव्हते. पंचवीस माणसे दोन तास चढून आली होती. फलक माझ्या काखेत होता. ‘काही होत नाही रे’ हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. तेवढ्यात माझी नजर बाळूच्या आईकडे गेली. ती माझ्याकडेच पाहत होती.

“फिरा,” मी म्हणाले. आम्ही पुढल्या मुलांना हाका न मारता हातांनी खुणा केल्या. त्यांतली काही मागे वळली, काही नाही. आम्ही उतरलो. वर पुढे काय झाले ते मला ठाऊक नाही. बहुधा काहीच झाले नसेल. परत फिरणाऱ्याला आपण बरोबर होतो याचा पुरावा कधीच मिळत नाही. तो फक्त घरी पोचतो.

खाली झाडाच्या सावलीत डबे उघडले. बाळूच्या आईने पिशवीतून तिळगुळाचा डबा काढला आणि पहिला लाडू माझ्या हातावर ठेवला. “घ्या बाई,” म्हणाली. पुढचे शब्द संक्रांतीचे असतात, ते सर्वांना पाठ आहेत. ते तिने म्हटले नाहीत आणि मलाही ऐकायची गरज वाटली नाही.

त्या दिवाळीत बाळूच्या इमारतीतल्या मुलांनी मातीचा किल्ला केला. मला मुद्दाम पाहायला बोलावले. कर्नाळाच होता, मधोमध अंगठ्याएवढा सुळका, त्याच्या कपारीत काळ्या मातीची इवलीशी मोहोळे, उतारावर अळीव उगवलेले. मावळे नेहमीसारखे वर चढत होते. फक्त एक मावळा तोंड खाली करून उतरत होता.

“हा चुकून उलटा बसला का रे?” मी विचारले.

बाळू हसला. “नाही बाई,” तो म्हणाला, “त्याला संध्याकाळी फराळाला घरी जायचंय.”