दोन खाचा

नाशिक,
११ जानेवारी २०२६

चि. सोनूस,


तू पाठवलेला व्हिडिओ काल रात्री तीनदा लावला आणि मग डोळे मिटून ऐकला. अप्पांचं इंजिन बिघडलेलं नाही. फुल रेसला ते घरघरतंय, सायलेन्सरमधून धुराचा पट्टा निघतोय आणि स्लोवरून रेस वाढवली की गुदमरून बंद पडतंय. म्हणजे त्याला इंधन जास्त होतंय, एवढंच. तू निडल, म्हणजे इंधनाचा स्क्रू, खोल खाचेवर लावलीस, तिथे चुकलं. निडलच्या नॉबवर एक खोल आणि एक उथळ अशा दोन खाचा कशाला, असं तू विचारलंस. ते फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून हे पत्र.

मॉडेल विमानाचं हे इंजिन ओसाकाच्या ओ.एस. कंपनीचं, साडेसहा सीसीचं. अप्पांनी ते १९८९ साली मुंबईहून आणलं. ते तेव्हा ओझरला एच.ए.एल.मध्ये फिटर होते. तो कारखाना १९६४ साली मिग-२१ बांधण्यासाठी उभा राहिला. विमान ओझरला जोडायचं आणि त्याचं इंजिन यायचं ओरिसातल्या कोरापुटहून, तयार. त्यामुळे विमानांत आयुष्य काढलेल्या माणसाला इंजिन उघडून बघायची हौस घरीच भागवावी लागली. स्वयंपाकघराच्या ओट्यावर जुना पेपर अंथरून ते हे इंजिन खोलायचे. त्याला एरंडेलाचा वास यायचा. आजी त्यांचे रविवारचे कपडे वेगळे भिजवायची.

एरंडेल का, ते आधी समजून घे, म्हणजे खाचांचं कोडं सुटेल. या इंजिनात मॅग्नेटो नाही, ठिणगी नाही. ग्लो प्लगमध्ये प्लॅटिनमची बारीक तार असते, ती सुरुवातीला दीड व्होल्टच्या सेलवर लाल करायची. एकदा इंजिन चालू झालं की सेल काढला तरी चालतं, कारण मिथेनॉलची वाफ प्लॅटिनमला लागली की तार स्वतःच तापलेली राहते. अमेरिकेत रे आर्डन नावाच्या माणसाने १९४०च्या दशकात हा प्लग बाजारात आणला आणि कॉइल-बॅटरीचं ओझं मॉडेल विमानांवरून उतरलं. पण त्यामुळे मिश्रण कधी पेटायचं हे ठरवणारं वेगळं काही राहिलं नाही. ते मिश्रणच ठरवतं. निडल फार बंद केली की इंजिन तापतं, तापलं की पेट लवकर घेतं, आणि लवकर पेटलं की आणखी तापतं. शिवाय वंगणाचं तेल, म्हणजे एरंडेल, इंधनातच मिसळलेलं. मिथेनॉल कमी झालं की गारवा कमी होतो, आणि त्याच्याबरोबर एरंडेलही कमी येतं. एकाच स्क्रूवर पेट, थंडावा आणि वंगण अशी तिन्ही कामं आहेत. स्कूटरचा कार्ब्युरेटर चुकला तर गाडी मिसिंग मारते. इथे चुकला तर पिस्टन जातो.

तो माझ्याच हातून गेला. अप्पांनी मे महिन्यात सिन्नरच्या बाजूच्या माळावर इंजिन लावलं होतं. बरोबर सूर लागला तिथे त्यांनी तुझ्या आईच्या नेलपॉलिशचा ठिपका दिला. एका रविवारात इंधनाने तो पुसून नेला. मग त्यांनी त्रिकोणी कानस घेऊन तिथेच उथळ खाच पाडली. पुढच्या जानेवारीत त्यांची सकाळची पाळी होती, म्हणून मी एकटाच विमान घेऊन गेलो. निफाडकडची थंडी तुला माहीत आहे. आपल्याकडेही त्या दिवशी तोंडातून वाफ निघत होती. मी निडल खाचेवर लावली आणि इंजिनाने असा तीक्ष्ण सूर धरला की मला वाटलं, आज काय जोरात आहे! विमान वर गेलं, दोन फेऱ्या झाल्या, सूर एकदम बसला आणि पुढे नुसती शांतता. उतरवलं कसंबसं. इंजिन उघडलं तर पिस्टनवर उभे ओरखडे. त्यात इंजिनाचा काडीचाही दोष नव्हता.

अप्पा रागावले नाहीत. नवा पिस्टन आणि लायनर यायला चार महिने लागले. पुढच्या थंडीत ते मला पहाटे घेऊन गेले, निडल माझ्याकडूनच लावून घेतली आणि तिथे दुसरी खाच पाडली, चांगली खोल. थंडीत बोटं बधिर होतात, ती बोटांना लागावी म्हणून खोल. दोन खाचांमध्ये चार क्लिकचं अंतर आहे. आठ अंशांची पहाट आणि अडतीस अंशांची दुपार यांत हवा साधारण दहा टक्क्यांनी विरळ होते, त्या दहा टक्क्यांचे हे चार क्लिक.

आता तुझं डेन्व्हर. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर, तुझं गाव १,६०० मीटर. या चढानेही हवा साधारण दहा टक्केच विरळ होते. म्हणजे नाशिकच्या सरासरी हवेत बसणारी निडल तिकडे जास्तच उघडी ठरणार, आणि तू तर थंडीची खाच वापरलीस. उथळ खाचेपासून सुरुवात कर. इंजिन चांगलं तापू दे, मग फुल रेसवर एकेक क्लिक बंद करत जा. घरघर जाऊन सलग सूर लागेल. तो टिपेला पोचला की दोन क्लिक परत उघड, आवाज जरासा उतरू दे. मग विमानाचं नाक आभाळाकडे धर. टाकी खाली जाते, इंधनाला चढावं लागतं, त्यामुळे सूर किंचित वर जायला हवा. बसला तर निडल अजून उघड. स्लो नंतर बघ, फुल रेस लागल्याशिवाय त्याला हात लावू नकोस. स्लोचा छोटा स्क्रू हवेचा आहे, तो उघडला की मिश्रण पातळ होतं, निडलच्या उलट. त्याला एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा कमी फिरव.

निडलला हात लावायचा तो पंख्याच्या मागून. आणि मिथेनॉलची ज्योत उन्हात दिसत नाही, म्हणून उडालेलं इंधन पुसल्याशिवाय सेल लावू नकोस. कॅनचं झाकण घट्ट ठेव, मिथेनॉल हवेतली ओल ओढतं. आपल्याकडे पावसाळ्यात उघडा राहिलेला डबा अप्पा सरळ टाकून द्यायचे.

तिसरी खाच इतक्यात पाडू नकोस. तिकडची थंडी आणि उन्हाळा दोन्ही ऐकून घे, किती क्लिक लागले ते लिहून ठेव. अप्पांची त्रिकोणी कानस माळ्यावरच्या पेटीत आहे, तेल लावून ठेवली आहे. दिवाळीत येशील तेव्हा घेऊन जा.

तुझा,
मामा