पंचनामा आणि मोजमाप

नैसर्गिक आपत्तीनंतर नागरिक आणि शासन यांची पहिली गाठ पडते ती पंचनाम्याच्या निमित्ताने. महसूल खात्यातील नोकरीत असे शेकडो पंचनामे माझ्या नजरेखालून गेले. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, त्यानंतरचे कित्येक दिवस तर उडालेली कौले आणि कोसळलेल्या भिंती मोजण्यातच गेले. निवृत्तीनंतर बेंगळुरूत, जे. पी. नगरला लेकीकडे राहावयास आलो आणि मोजणाऱ्याऐवजी ज्याचे मोजले जाते त्याच्या बाजूस उभे राहण्याचा योग आला.

2 जून 2024, रविवार. त्या दिवशी बेंगळुरूत 111.1 मि.मी. पाऊस झाला आणि जून महिन्यातील एका दिवसाच्या पावसाचा 1891 सालचा उच्चांक मोडला. वाऱ्याने शहरभर झाडे उन्मळून पडली. आमच्या रस्त्यावरचा जुना गुलमोहर कंपाउंडच्या भिंतीवर कोसळला. त्याच्या एका फांदीने पोर्चचे पत्रे फोडले, तर दुसरीने सोलर बंबाच्या काचा. तुटलेल्या नळातून व फुटलेल्या छतातून आलेल्या पाण्याने दर्शनी खोलीचा गिलावा फुगला. सुदैवाने कोणास इजा झाली नाही.

शासकीय मदत आणि विमा यांतील भेद येथे सांगितला पाहिजे. मदत ही सावरण्यासाठी दिलेला हात असतो. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या 2022 च्या निकषांनुसार अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घरास 6,500 रुपये मिळत. त्यासाठीही पडझड किमान 15 टक्के असावी लागे. विमा हा करार आहे. त्यात नुकसानीइतकी भरपाई अभिप्रेत असते. कमी नाही आणि अधिकही नाही. 1 एप्रिल 2021 पासून विमा नियामकाने ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी सर्व साधारण विमा कंपन्यांना बंधनकारक केली. तिच्यात वादळ व पूर यांबरोबरच कंपाउंडची भिंत, पाण्याच्या टाक्या, सौर उपकरणे यांचाही समावेश आहे. मात्र जुनी झीज तिच्यात बसत नाही, आणि खरी कसोटी तेथेच लागते.

लेकीने दुसऱ्याच दिवशी कंपनीस कळविले. सर्वेक्षक येण्यापूर्वी कंत्राटदार आला. सगळीकडे नजर फिरवून त्याने एकच आकडा सांगितला : चार लाख ऐंशी हजार. मी तपशील विचारला, तेव्हा तो हसला. “सर, इन्शुरन्स आहे ना? मग वाढवूनच लिहू या. ते कापतातच. खरे लिहाल तर खिशातून जातील.” लेकीलाही ते पटले. “बाबा, सगळे असेच करतात,” ती म्हणाली. घराचे हप्ते अजून फिटावयाचे होते. तिची चिंता खोटी नव्हती.

हा युक्तिवाद मला नवा नव्हता. पंचनाम्याच्या वेळी गावोगाव तो ऐकला होता. अधिकारी कापणार म्हणून अर्जदार फुगवितो. अर्जदार फुगवितो म्हणून अधिकारी कापतो. दोघेही आपापल्या परीने शहाणे असतात आणि भुर्दंड पडतो तो खरे लिहिणाऱ्यास. या दुष्टचक्रास उपदेशाने उत्तर मिळत नाही. फुगविण्यास आणि कापण्यास, दोहोंसही जागा न ठेवणारा कागद तयार करणे हेच त्यास उत्तर आहे. शिवाय खोटा दावा उघडकीस आला, तर खऱ्या नुकसानीची भरपाईही हातची जाऊ शकते, हे लेकीस समजावून सांगावे लागले.

सार्वजनिक बांधकाम खात्यात मोजमाप पुस्तिका असते. लांबी, रुंदी, उंची, परिमाण आणि दर यांची नोंद झाल्यावाचून देयक निघत नाही. आम्ही एक साधी वही घेऊन तेच केले. भिंत किती फूट पडली, पत्रे किती, गिलावा किती चौरस फूट फुगला, हे टेप लावून लिहिले. प्रत्येक नोंदीसमोर छायाचित्राचा क्रमांक घातला. तुटलेले साहित्य सर्वेक्षकाने पाहीपर्यंत हलविले नाही. पाऊस आत येऊ नये म्हणून तेवढी ताडपत्री बांधली व तिची पावती ठेवली. कंत्राटदारास त्याच वहीवरून बाबवार दर भरावयास सांगितले. बेरीज झाली तीन लाख बारा हजार.

सर्वेक्षक आला तेव्हा त्याने स्वतःचा टेप काढला. दोन मापे आमच्या वहीशी ताडून पाहिली आणि मग वहीच पुढे घेतली. मागील भिंतीची एक भेग त्याने वगळली. ती जुनीच होती; पण कंत्राटदाराने तिचा दर भरला होता. उरलेल्या बाबींवर घासाघीस झाली नाही. दावा दोन लाख शहाण्णव हजारांना मंजूर झाला. कंत्राटदारास रक्कम कामाच्या टप्प्यांनी दिली आणि शेवटचे दहा टक्के पुढच्या मोठ्या पावसापर्यंत राखून ठेवले. पोर्च एका कोपऱ्यात गळला. त्याने तो विनातक्रार दुरुस्त करून दिला.

दावा अन्याय्य रीतीने कापला गेल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे शुल्क नाही, वकील नाही, आणि लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. कर्नाटकाचे हे कार्यालय जे. पी. नगरमध्येच, फर्स्ट फेजला, जीवन सौधा इमारतीत आहे. आमच्यावर तेथे जाण्याची वेळ आली नाही. आली असती, तरी तेथेही तीच वही पुढे ठेवावी लागली असती.

परमुलखात राहणाऱ्या मराठी माणसास स्थानिक भाषा, ओळखी आणि कार्यालये यांचे दडपण वाटते. कंत्राटदाराशी माझे बोलणे मोडक्या हिंदीत झाले, सर्वेक्षकाशी इंग्रजीत; कन्नड मला अजून नीट येत नाही. वहीतील फूट-इंच मात्र तिघांनाही सारखेच वाचता आले.