राखणदाराची माणसं

अरवलीच्या वेतोबाला चपला वाहतात. वेंगुर्ल्याहून शिरोड्याकडे निघालं की वाटेत अरवली लागते. देवळात माणसाहून कितीतरी उंच वेतोबा उभा, आणि जवळच भक्तांनी आणलेले कातडी चपलांचे जोड मांडलेले. एकेक चप्पल एवढी की माझे दोन्ही पाय एकीत मावावेत. नवस फेडायचा तो केळ्यांच्या घडानं, नाहीतर चपलांच्या जोडानं. देव रात्री गाव फिरतो, फिरून फिरून तळ झिजतात, म्हणून नवा जोड. बाकीच्या देवांना शालू, मुकुट, चांदीचे डोळे, ह्याला पायताण. वाहणाऱ्यांनी देवाचं काम नेमकं ओळखलंय, असं मला तिथे गेलं की वाटतं. जयवंत दळवी याच गावचे. त्यांची विक्षिप्त, चक्रम माणसं वाचताना मला शंका यायची, की रात्री गावभर फिरून घराघरांत डोकावणारा हा डोळा त्यांनी वेतोबाकडूनच उसना आणला असावा.

वेतोबा मोठा. पण दक्षिण कोकणात आणि गोव्यात वाडीवाडीला, मळ्याला, घाटीला आपापला धाकटा राखणदार असतो. कोणी त्याला देवचार म्हणतं. त्याला देऊळ नसतं. वडाखाली किंवा रुमडाखाली एखादा पाषाण, तोही शेंदूर न लावलेला, आणि आजूबाजूला फुटक्या नारळांच्या करवंट्या. वर्षातून एकदा राखण द्यायची, म्हणजे कोंबडा, नारळ, विडीचं बंडल आणि काही ठिकाणी थोडा सोरो. गोव्यात शिवोलीला नाताळानंतर जागर होतो, तिथे हिंदू आणि ख्रिस्ती घरं मिळून एकाच राखणदाराला मान देतात. पाहिलेलं कोणी नाही, तरी त्याचं वर्णन सगळ्यांना पाठ असतं. पांढरं धोतर, खांद्यावर कांबळं, हातात काठी, चपलांचा करकर आवाज. त्याची हद्द ठरलेली. शिवेपर्यंत वाटसरूची सोबत करायची आणि त्याला पलीकडच्या राखणदाराच्या ताब्यात द्यायचं.

लहानपणी मला या राखणदाराच्या गोष्टींचा एक राग होता. त्यात चमत्कार फार कमी. विहिरीत पडणाऱ्याला कोणी हवेत झेललं, वाघ दगड होऊन बसला, असलं काही घडायचं नाही. घडायचं ते एवढंच की माणसाला उशीर व्हायचा. बैल भर रस्त्यात बसून राहायचा. नाहीतर मागे लागलेल्या कुठल्याशा म्हातारीची मोळी डोक्यावर चढवून द्यावी लागायची. मग माणूस पोचायचा तेव्हा दरड कोसळून गेलेली असायची. यात देवानं काय केलं? आजीला असं विचारलं की ती सुपारी कातरता कातरता म्हणायची, “राखणदारान अडवल्यान.” तिच्या दृष्टीनं खटला तिथे निकाली.

धाकट्या काकांचा मुलगा सोळा वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट आमच्या घरात अजून निघते. तो मुंबईहून सुट्टीला आलेला नव्हता, गावातच वाढलेला होता, म्हणजे त्याला धोका नीट माहीत होता. तरीही त्यानं पैज घेतली: पौषातल्या पुनवेला मध्यरात्री शेजाऱ्यांची होडी सोडायची, एकट्यानं खाडीच्या मुखातून बाहेर काढायची, समोरच्या खडपाला हात लावून परत यायचं. घरी सांगितलं, शेजारच्या गावात जत्रा आहे, दशावतार बघायला जातो.

पुनवेला आमच्या किनाऱ्यावर मध्यरात्रीच्या आसपास भरती पुरी होते. मग सुकती लागते ती जवळजवळ पहाटेपर्यंत. उधाणाची सुकती म्हणजे सगळी खाडी तोंडाकडे धावत असते. मुखाशी वाळूचा दांडा आहे, तिथे आतून जाणारी ओढ आणि बाहेरून येणारी लाट एकमेकींना भिडतात आणि होडी आडवी होते. दर्यावर जन्म काढलेले गाबीतसुद्धा त्या वेळेला तिथून जात नाहीत. हा बाराला होडीत बसला असता तर वल्ही मारायचीही गरज पडली नसती. पाण्यानंच नेला असता.

पाणंदीत त्याला पहिला भेटला तो गावातला बेवडा. बेवडा हा शब्द मी प्रेमानं वापरतो. असा एक माणूस प्रत्येक गावात असतो. त्याला कोणी पैसे देत नाही, उंबऱ्याच्या आत घेत नाही, आणि तो दोन दिवस दिसला नाही तर सगळे चौकशी करतात. तो गडग्याला टेकून बसला होता. ह्याला बघताच त्यानं मनगट धरलं. बायकोनं घराबाहेर काढलं होतं आणि समजूत घालायला कोणीतरी शिकलेला माणूस हवा होता. “तू वांगडा ये. तू शाळेत जातंस, तुझां ती ऐकतली.” माझा भाऊ थापा मारण्यात पटाईत. आजी आजारी आहे, डॉक्टर आणायला चाललोय, सगळं सांगून झालं. पण थापा मारायच्या तर समोरच्यानं ऐकायला तरी हवं. हा ऐकतच नव्हता. शेवटी वरात त्याच्या घरी गेली. बायकोनं दार उघडलं, नवऱ्याला ओटीवर ढकललं आणि ह्याला समोर बसवून लग्नापासूनचा हिशेब मांडला. मध्ये उठून कुळथाची पिठी आणि भात वाढला. जेवल्याशिवाय सोडीना.

तिथून सुटला आणि खाडीच्या उताराला लागला, तर समोरून संकासुर आला.

दशावताराच्या सुरुवातीला, मुख्य आख्यान लागण्याआधी संकासुर येतो. वेद चोरणारा राक्षस हा, पण रंगमंचावर त्याचं खरं काम लोकांना हसवण्याचं. काळा अंगरखा, तोंडावर काळं फडकं, लोंबती लाल जीभ. चांदण्यात, निर्मनुष्य वाटेवर, अंगरखा दोन्ही हातांनी वर धरून पळत येणारा संकासुर बघून सोळा वर्षांच्या मुलाचं काय झालं असेल ते त्यानं कोणालाच कधी सांगितलेलं नाही. संकासुरानं फडकं डोक्यावर सारलं तेव्हा खाली ओळखीचा चेहरा निघाला. त्याची म्हैस अडली होती, जत्रेत निरोप आला, पुढे काम नव्हतं म्हणून सोंगासकट धावत सुटला होता. “बरो गावलंस! बॅटरी धर.”

हा भाग माझा भाऊ आजही हातवारे करून सांगतो. गोठ्यात शेणाचा, ओल्या गवताचा, म्हशीच्या घामाचा ऊबदार वास. म्हैस आडवी पडून डोळे फिरवत होती. एक खूर बाहेर आलेला, मऊ आणि पिवळसर, दुसरा आत दुमडलेला. संकासुरानं काळी बाही खांद्यापर्यंत गुंडाळली, हाताला खोबरेल चोपडलं आणि कोपरापर्यंत हात आत घालून तो दुमडलेला पाय शोधू लागला. त्याचे डोळे मिटलेले. बोटांनी बघत होता. मधूनमधून डोक्यावरची लाल जीभ म्हशीच्या पाठीवर पडायची, तो ती मानेच्या झटक्यानं मागे टाकायचा. बॅटरी थरथरली की ओरडायचा, “हालव नको रे मेल्या!” शेवटी दोन्ही खूर जुळले, त्यांवर टेकलेलं नाकाड दिसलं. कळ आली की ओढायचं, कळ गेली की थांबायचं. दोघांनी मिळून ओढलं. रेडकू बाहेर आलं ते निपचित. संकासुरानं त्याच्या नाकात गवताची काडी फिरवली. रेडकू शिंकलं.

भाऊ खाडीवर पोचला तेव्हा चंद्र उतरला होता आणि होडी चिखलात कलती बसली होती. पाणी पार मधल्या ओहोळापर्यंत गेलेलं. त्यानं ढकलून बघितली. गुडघ्यापर्यंत रुतला, एक चप्पल चिखलात गेली ती गेलीच. पैज लावणारे केव्हाच घरी जाऊन झोपले होते. उजाडताना तो घरी आला, पायांना चिखल, हातांना म्हशीचा वास, पोटात कुळथाची पिठी. आजीनं सगळं काढून घेतलं, होडीपासून रेडकापर्यंत. मारलं नाही. बराच वेळ तोंडातलं पान चघळत राहिली आणि मग निकाल दिला. ह्या वेळी एक वाक्य जास्त होतं: “हाताक जा गावला ता वापरल्यान.”

ह्या गोष्टीवर मी पुष्कळ विचार केलाय आणि मला राखणदाराची निवड फार हुशारीची वाटते. त्या रात्री पाणंदीत एखादा शहाणा, जबाबदार माणूस उभा असता, समजा आमचे काकाच, तर भाऊ मागच्या परसातून निसटला असता. सोळाव्या वर्षी माणसाला पहारेकऱ्याचा वास लांबून येतो आणि त्याला चुकवण्यात तर खरी मजा असते. पण बेवड्याला कोण चुकवतो? त्याला कोणी पहाऱ्यावर ठेवलं असेल अशी शंकाच येत नाही. पहारेकऱ्यालाही ती येत नाही. म्हैस वाचवणाऱ्याला वाटतं आपण म्हैस वाचवतोय. उपदेश कोणी करत नाही. पोरगं वाकडं निघावं असं काही त्याच्या कानावरच पडत नाही.

माझी भाची पंधराची आहे. अ‍ॅक्टिव्हा चालवायला तिला परवाना मिळायचा आहे, पण ती आधीच चालवते. तिनं ही गोष्ट ऐकली आणि म्हणाली, “म्हणजे मिसेस फिग.” मला समजेना. मग तिनं मला हॅरी पॉटरचा पाचवा भाग, २००३ साली आलेला, वाचायला दिला आणि समोर बसून राहिली.

तिचं बरोबर होतं. हॅरी पंधरा वर्षांचा, रागानं धुमसणारा, सुट्टीत मावशीच्या घरी अडकलेला. त्याच्यावर डंबलडोरचं लक्ष आहे. त्या जगातला सगळ्यांत थोर जादूगार. पण पहाऱ्याला कोण? एक मंडंगस फ्लेचर, भुरटा चोर, जो ऐन वेळी चोरीच्या कढया स्वस्तात मिळताहेत म्हणून जागा सोडून जातो. आणि दुसऱ्या मिसेस फिग, जादूगारांच्या घरात जन्मून जादू न येणाऱ्या म्हाताऱ्या शेजारीण. लहानपणापासून हॅरीला त्यांच्याकडे ठेवायचे, घरात कोबीचा वास, आणि बाई त्याला मांजरांचे फोटो दाखवत बसायच्या. हॅरीला त्या कंटाळवाण्या वाटायच्या. त्यांनी मुद्दाम तसं ठेवलं होतं, कारण मुलाला तिथे करमतंय असं दिसलं असतं तर मावशीनं पाठवलंच नसतं. गल्लीत आत्मा शोषून घेणारे काळोखाचे जीव येतात तेव्हा हॅरीच आपली मंत्रविद्या वापरून वाचतो. फिगबाई धावत येतात त्या घरातल्या सपाता घालून, हातात मांजरांच्या खाण्याच्या डब्यांची जाळीदार पिशवी. त्याच पिशवीनं त्या मंडंगसला बडवतात. पुढे मंत्रालयात हॅरीवर सुनावणी होते तेव्हा साक्षीला याच बाई; अडखळत बोलतात, नीट सांगता येत नाही, तरी तेवढ्यावर निभतं.

“डंबलडोरला धड माणसं मिळत नव्हती का?” भाचीचा प्रश्न. मी तिला आजीचं वाक्य ऐकवलं. तिला ते पटलं नाही. धड माणसं ठेवली असती तर काम चोख झालं असतं, असं तिचं म्हणणं. तिचं वयच चोख कामावर विश्वास ठेवायचं आहे. मला खटकतं ते दुसरंच. ती गाडीवरून जाते, कानात गाणी, आणि खाडीवर आता पूल आहे. मध्यरात्री पाणंदीत कोणी बसलेलं नसतं. बेवड्याची मुलं मोप्याच्या विमानतळावर पाळीनं कामाला जातात. संकासुराच्या गोठ्यात गाडी उभी असते, आणि जत्रेहून तो त्याच गाडीनं परततो. राखणदारानं अडवायचं म्हटलं तरी कोणाला पुढे करायचं? तिला थांबवून स्वतःचं रडगाणं ऐकवेल इतका मोकळा वेळ वाडीत कोणाकडे उरलाय?

हे मी तिला सांगितलं नाही. तिला दुसरंच हवं होतं: त्या बेवड्याचं पुढे काय झालं?

पुढे एवढंच झालं, की त्या वर्षीच्या राखणेला आजीनं गावकरांपाशी एक हट्ट धरला. राखणदारापुढे गाऱ्हाणं घालतात त्यात घरातल्या माणसांची नावं येतात, गुराढोरांची काळजी येते, आंब्याचा मोहोर येतो. आजीचं म्हणणं, त्यात त्याचंही नाव घ्या, त्यालाही सुखी ठेव म्हणून सांगा. गावकर चिडले. देवाला घातलेल्या गाऱ्हाण्यात एका दारुड्याचं नाव घ्यायचं? आजी म्हणाली, कोंबडा माझा आहे. कोंबडा घेऊन ती घरी निघाली तेव्हा गावकर नमले. त्यांनी हात जोडून खड्या आवाजात ते नाव घेतलं, जमलेल्यांनी “व्हय म्हाराजा” म्हटलं, आणि प्रसादाच्या आशेनं मागे करवंट्यांशेजारी लवंडलेल्या त्या माणसानंही, कोणासाठी चाललंय ते न ऐकताच, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं “व्हय म्हाराजा” म्हटलं.