मेग्जची धावपट्टी

मायक्रोसॉफ्टच्या 'फ्लाइट सिम्युलेटर'ची जुनी आवृत्ती ठेवावी की नवी घ्यावी, हा आमच्या मते पाठनिश्चितीचाच प्रश्न आहे. २०२०च्या आवृत्तीचे वैभव निर्विवाद आहे: उपग्रहचित्रांवरून घडलेली भूमी, त्या घटकेचे खरे हवामान. तरीही चार सीडींतली '२००४' (निघाली खरे तर २००३मध्ये) आम्हांस सोडवत नाही. कारण शिकागोचे मेग्ज फील्ड. सरोवरकाठच्या या चिमुकल्या विमानतळाची धावपट्टी महापौर डेली यांनी मार्च २००३मध्ये रातोरात बुलडोझर लावून उखडवली. काही महिन्यांनी आलेल्या त्या आवृत्तीत मात्र ती शाबूत आहे. २००६च्या आवृत्तीने ती गाळली. २०२२मध्ये चाळिसाव्या वर्धापनानिमित्त मेग्ज परतले खरे, पण गौरवग्रंथात परतावे तसे. पूर्वीच्या कित्येक आवृत्त्यांत उड्डाणाचा आरंभच तेथून होई. त्याचे स्मरण करावे असे कोणाच्या मनातही येत नसे. शिवाय नव्या आवृत्तीचा भूतपशील दूरच्या सर्व्हरवरून येतो, आणि २०२४च्या आवृत्तीचा तर बहुतेक ऐवज तिथलाच. तो सर्व्हर बंद पडला तर कपाटात काय उरेल? आम्ही जुनीच ठेवली आहे. तिच्यातले डोंगर ओबडधोबड दिसतात, दिसोत.